पहिला पावशा कधी ओरडला? आमच्या विज्ञानाच्या सरांच्या आठवणी

यवतेश्वरची वाट

आमचे विज्ञानाचे सर गेल्या महिन्यात गेले. साताऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत त्यांनी ३१ वर्षे आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवले. त्यांचे नाव मी इथे मुद्दामच लिहीत नाही, कारण चारचौघांत आपले नाव घेतलेले त्यांना रुचत नसे आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, यांनीही तीच इच्छा बोलून दाखवली आहे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांना खांद्यावरची खाकी शबनम आणि तिच्यातून डोकावणारा सुतळीचा गुंडा एवढे सांगितले तरी ओळख पटेल. त्या शबनममध्ये एक भिंग, कंपासपेटीतला कोनमापक, सुतळीला बांधायचे शिशाचे वजन, शेंगदाणे-गुळाची पुडी आणि एक दोनशेपानी वही एवढ्या गोष्टी कायम असत. हा धागा काढण्याचे मुख्य कारण ती वही आहे.

आम्ही तिला 'पहिल्याची वही' म्हणत असू. वर्षातला पहिला पावशा कोणी, कधी, कुठे ऐकला. पहिला काजवा कोणत्या रात्री दिसला. ओढ्याकाठी पहिला धोबी पक्षी कधी शेपटी हलवताना आढळला. शाळेमागच्या पांगाऱ्याला पहिले फूल कधी आले. अजिंक्यताऱ्यावर पहिले धुके कधी उतरले, अशा नोंदी तिच्यात मुलांनी स्वतःच्या अक्षरात करायच्या असत. रकाने ठरलेले होते: तारीख, वेळ, ठिकाण, पाहणाऱ्याचे नाव, आणि शेवटचा रकाना 'स्वतः पाहिले की ऐकीव'. दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट लिहायला सरांची मुळीच हरकत नसे, परंतु तिच्यापुढे 'ऐकीव' असे लिहिलेच पाहिजे असा त्यांचा दंडक होता. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना पुरावा म्हणजे काय हे त्या एका रकान्याने जितके नीट समजले, तितके पुस्तकातल्या कोणत्याही धड्याने समजले नसावे असे मला आज वाटते.

सर कसे शिकवत याचे एक उदाहरण देतो. मी आठवीत असताना शाळा सुरू होऊन दोन दिवस झाले होते आणि घरोघरी 'मृग लागला' ही एकच चर्चा होती. सरांनी वर्गात विचारले, "मृग लागला म्हणता ना, मग आज रात्री आकाशात मृग कुठे आहे ते पाहून या आणि उद्या मला दाखवा." त्या रात्री ढग थोडे विरळ होते. आम्ही सात-आठ मुले गच्चीवर गेलो, मध्यरात्रीपर्यंत जागलो आणि मृग काही सापडला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तसे सांगितले तेव्हा सरांनी वहीत 'मृग दिसला नाही' अशी नोंद आमच्याकडूनच करून घेतली आणि कारण सांगण्याचे साफ नाकारले. जे दिसले नाही त्याचीही नोंद होऊ शकते, हे मला तेव्हा प्रथमच कळले.

पुढे सहा महिने गेले. डिसेंबरच्या एका रात्री आठ वाजता त्यांनी आम्हांला शाळेच्या मैदानावर बोलावले. पूर्वेला मृगाचे चार खूर आणि पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण लखलखत होता आणि खाली व्याध नुकताच वर येत होता. सर म्हणाले, "आता मे महिन्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी अंधार पडल्या पडल्या याची जागा वहीत काढा." आम्ही काढत गेलो. फेब्रुवारीत तो डोक्यावर आला, एप्रिलमध्ये पश्चिमेला कलला आणि मे महिन्याच्या मध्यावर संधिप्रकाशात बुडाला. मग जूनमध्ये तो कुठे असणार, याचे उत्तर वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलानेसुद्धा दिले: सूर्यच त्याच्यापाशी जाऊन पोहोचलेला असतो. नक्षत्र लागले याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात आला, म्हणूनच ते नक्षत्र त्या दिवसांत रात्री दिसू शकत नाही. वर्षाचे ३६५ दिवस २७ नक्षत्रांत वाटले की प्रत्येकाला साडेतेरा दिवस येतात, हा भागाकार आम्ही फळ्यावर केला.

माझे आजोबा कोडोलीच्या बाजूला शेती करत. रोहिणीपासून हस्तापर्यंत पावसाचा सगळा हिशेब त्यांच्या तोंडपाठ होता, पण आकाशातला मृग त्यांना कोणी दाखवला नव्हता. मी त्यांना अंगणात नेऊन दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी आर्द्रा कुठे आहे, पुष्य कुठे आहे, असे एकेक विचारायला सुरुवात केली, आणि उत्तरे देता यावीत म्हणून मला पुढचा महिनाभर सरांच्या मागे लागावे लागले. घरातले पंचांग आणि शाळेतले विज्ञान ही दोन वेगळी दुकाने आहेत अशी माझी तोपर्यंत समजूत होती.

कास पठारावर आम्ही सरांबरोबर दोनदा गेलो, दोन्ही वेळा बामणोलीच्या एसटीने. तेव्हा तिथे गर्दी नसे. ऑगस्टचा पाऊस भुरभुरत होता आणि सर ओल्या जांभ्यावर सरळ पालथे झोपले. आम्हीही झोपलो. नाकापासून वीतभर अंतरावर रुपयाच्या नाण्याएवढे, लालसर पानांचे एक रोप जमिनीला चिकटून पसरले होते. पानांवरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब होता आणि भोवतालचे पाणी वाहून जात असताना हे थेंब मात्र जागचे हलत नव्हते. भिंगातून पाहिल्यावर एका थेंबात चिलटाचा पाय अडकलेला दिसला. त्याने ओढ घेतली की थेंबाचा बारीक तार निघे आणि शेजारचे केस हळूहळू त्याच्याकडे वाकत. सर काहीही बोलले नाहीत. आम्ही अर्धा-पाऊण तास तसेच पडून होतो, अंगातले कपडे पूर्ण भिजले होते, आणि चिलट निपचित झाल्यावरच कोणीतरी विचारले, "सर, झाडाला माशी कशाला लागते?"

त्या प्रश्नाचीच ते वाट पाहत होते. जांभ्यावर माती जेमतेम चार बोटे असते, वर्षानुवर्षांच्या पावसाने तिच्यातली क्षारद्रव्ये धुऊन निघालेली असतात, नायट्रोजनचा तुटवडा असतो. म्हणून दवबिंदू नावाची ही वनस्पती तो कीटकांच्या शरीरातून मिळवते, हे त्यांनी तिथेच समजावले. शेजारीच जांभळ्या फुलांचा गालिचा होता. ती सीतेची आसवे. ओहोळाने उपटून आणलेला तिचा एक पुंजका त्यांनी तळहातावर घेतला आणि मुळांसारख्या धाग्यांना लागलेल्या, खसखशीहूनही बारीक पिशव्या दाखवल्या. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या दाराशी आला की दार आत उघडते आणि तो पाण्यासकट ओढला जातो. स्वतः त्यांनी एकही रोप उपटले नाही आणि आम्हांलाही उपटू दिले नाही.

या धाग्यावर आपल्यापैकी ज्यांना सर आठवत असतील, त्यांनी आपल्या आठवणी लिहाव्यात ही विनंती. त्याचप्रमाणे 'पहिल्याच्या वह्या' आज कुणाकडे आहेत याची कल्पना असल्यास अवश्य कळवावे.


दगडी जाते

धागा वाचून डोळे भरून आले. मी तुमच्या दोन वर्षे मागे होते.

मुलींच्या बाजूने एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. त्या काळात रात्री आठ वाजता मैदानावर तारे पाहायला मुलींना पाठवणे ही आमच्या घरांतून सहज मान्य होणारी गोष्ट नव्हती. सर प्रत्येकीच्या घरी स्वतः गेले. माझ्या वडिलांनी चहा दिला आणि नकारही दिला. पुढच्या आठवड्यात सर पुन्हा आले, त्या वेळी त्यांच्याबरोबर काकू होत्या. काकू माझ्या आईशी स्वयंपाकघरात बसून बोलल्या आणि "मी स्वतः मुलींबरोबर असेन आणि प्रत्येकीला दारापर्यंत सोडेन," असे त्यांनी सांगितले. त्यानंतर दर वेळी काकू आल्या. सहलींना सगळ्यांसाठी पिठले-भाकरीचा डबा त्यांचाच असे. त्या नसत्या तर आमच्या वर्गातल्या अकरा मुलींनी ध्रुवतारा पाहिलाच नसता. या धाग्याचे निम्मे श्रेय मी त्यांना देईन.

माझी सर्वांत ठळक आठवण २४ ऑक्टोबर १९९५ ची आहे. दिवाळीची अमावस्या आणि सूर्यग्रहण एकाच दिवशी आले होते. राजस्थानातल्या नीम का थानापासून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंत ते खग्रास दिसणार होते, आपल्याकडे खंडग्रास होते. शाळेला सुट्टी होती आणि बहुतेक घरांची दारे-खिडक्या बंद होत्या. आईने पाण्यावर आणि फराळाच्या डब्यांवर तुळशीची पाने ठेवली होती. सरांनी आदल्या दिवशी निरोप पाठवला होता की, सूर्याकडे कोणीही पाहायचे नाही, फक्त शाळेच्या व्हरांड्यात यायचे.

आम्ही जेमतेम नऊ-दहा जणी-जण पोहोचलो. व्हरांड्याची पांढरी भिंत पूर्वेकडे तोंड करून आहे आणि तिच्यासमोर कडुलिंब आहे. रोज सकाळी त्या भिंतीवर पानांमधून आलेल्या उन्हाचे गोल कवडसे पडलेले आम्ही पाहत होतो, पण ते गोलच का असतात हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. त्या दिवशी एकेक कवडसा एका बाजूने कुरतडल्यासारखा होत गेला आणि थोड्याच वेळात संपूर्ण भिंतीवर शेकडो चंद्रकोरी डोलू लागल्या. वाऱ्याने पाने हलली की सगळ्या कोरी एकदम सरकत. सरांनी आपल्या दोन्ही हातांची बोटे एकमेकांवर आडवी धरून चाळणी केली आणि प्रत्येक फटीतून एक कोर जमिनीवर पडली. मग ते म्हणाले, "रोजचे कवडसेसुद्धा सूर्याचीच चित्रे होती. सूर्य गोल म्हणून ते गोल. पानांमधल्या फटीचा आकार कसाही असला तरी फट पुरेशी लहान असली की चित्र सूर्याचेच उमटते." रोज डोळ्यांसमोर असलेली भिंत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आज माझ्या घरातही पूर्वेच्या खिडकीसमोर झाड आहे आणि सकाळी कवडसे पडले की मला सरांची ती आडवी बोटे दिसतात.

घरी गेल्यावर आईने आंघोळ करायला लावली, ती मी केली. संध्याकाळी मात्र तिने स्वतःहून विचारले, "कोरी किती होत्या गं?"


कोयनाकाठ

सर्वांनी इतके प्रेमाने लिहिले आहे की माझी वेगळी बाजू मांडताना थोडा संकोच वाटतो. पण सरांना खरी नोंद आवडत असे, म्हणून लिहितो. सुरुवातीची दोन वर्षे मला सर आवडत नव्हते.

मी पाटण तालुक्यातून मामांकडे शिकायला आलो होतो. मामांना माझ्या टक्क्यांची काळजी होती आणि आमच्या वर्गातल्या बऱ्याच पालकांचे म्हणणे होते की, सर मुलांना रानोमाळ फिरवतात आणि पोर्शन मागे राहतो. ते अगदीच खोटे नव्हते. दहावीच्या वर्षी शेवटचे धडे आम्हांला जानेवारीत रविवारी सकाळी जादा तास घेऊन भराभर पूर्ण करावे लागले. त्यातच आठवीत असताना मी वहीत एक नोंद चोरून केली होती. पावशाची पहिली नोंद आपल्या नावावर असावी म्हणून मी न ऐकताच तारीख घातली. सरांनी मला वर्गात काही विचारले नाही. मधल्या सुट्टीत त्यांनी फक्त पावशाचा आवाज काढून दाखवायला सांगितला. 'पेर्ते व्हा' हे शब्द मला माहीत होते, पण तो आवाज प्रत्येक फेरीला चढत जातो आणि टोकाला जाऊन एकदम तुटतो हे मला माहीत नव्हते. त्यांनी नोंद खोडली नाही. शेवटच्या रकान्यात मलाच 'ऐकीव' असे लिहायला लावले. मला त्याचा फार राग आला होता.

तो राग कसा गेला तेही सांगतो. नववीत भूकंपाचा धडा चालू असताना त्यांनी मला उभे केले आणि म्हणाले, "कोयनेच्या भूकंपाबद्दल या वर्गात सर्वांत जास्त माहिती तुझ्या घरात असेल. सुट्टीत गावी गेलास की वडिलांना विचारून ये. भिंत कोणत्या दिशेला पडली, गुरे आधी हंबरली का, किती वेळाने दुसरा धक्का आला, सगळे विचार." ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे माझे वडील सतरा वर्षांचे होते. त्यांनी त्या पहाटेबद्दल घरात कधी तोंड उघडले नव्हते. मी वही आणि पेन्सिल घेऊन समोर बसलो तेव्हा ते दोन तास बोलत होते. गोठ्याची पडवी कशी बसली, आजीला कसे बाहेर काढले, उजाडल्यावर माळावर सगळा गाव कसा बसून होता. मी सहा पाने लिहून आणली. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली आणि मग शिवसागर जलाशयात पाणी साठू लागल्यावर तिथे धक्के कसे जाणवू लागले, पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत झिरपणारे पाणी यांचा आधीच ताणलेल्या खडकांवर कसा परिणाम होतो, हे समजावले. त्या सहा पानांच्या शेवटीही त्यांनी 'ऐकीव' असेच लिहायला सांगितले, पण पुढे स्वतःच्या हाताने 'प्रत्यक्षदर्शी वडिलांकडून' असे जोडले. वडिलांना मी ते दाखवले. त्यांनी ते पान बराच वेळ हातात धरून ठेवले होते.

यवतेश्वरच्या घाटात कापलेल्या दरडीतला लाल थर दाखवून त्यांनी दोन लाव्हाप्रवाहांमध्ये किती काळ जात असेल याचा अंदाज करायला लावला होता, तेही आठवते. आधीचा प्रवाह थंड झाला, त्याचा वरचा भाग झिजून माती झाली, मग पुढच्या प्रवाहाने ती माती भाजून विटेसारखी केली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ती भट्टी आहे, असे ते म्हणत. अशा लाव्हाथरांच्या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात. त्या नावातला ट्रॅप हा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला, हे ऐकल्यापासून मला सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यांशिवाय दिसलेच नाहीत. मी पुढे स्थापत्य अभियंता झालो आणि बोगद्यांच्या कामांवर बरीच वर्षे काढली. तो लाल थर खोदकामात लागला की काम सावधपणे करावे लागते, कारण तो मऊ असतो आणि पाण्याने फुगतो. साइटवर तो पहिल्यांदा लागला तेव्हा मला तो घाट आठवला होता.


फळ्यावरची तारीख

मी सरांची विद्यार्थिनी नाही. जावळी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे आणि हा धागा काल रात्री दोनदा वाचून काढला.

कोयनाकाठ यांनी पोर्शनचा मुद्दा मांडला हे फार बरे झाले. आज मुलांना शाळेबाहेर न्यायचे तर पालकांची लेखी संमती, वरिष्ठांची परवानगी आणि वाहनाची कागदपत्रे हे सगळे लागते. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत आले. आता हंगामात तिथे प्रवेशशुल्क आहे आणि रोज किती लोकांना सोडायचे यालाही मर्यादा आहे. पठार वाचायचे तर हे आवश्यकच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कातळावर पालथे झोपून पाऊण तास एक रोप पाहणे आता तिथे जमणार नाही, हेही खरे.

म्हणून मला या आठवणींमधला कडुलिंब आणि भिंत जास्त मोलाची वाटते. शाळेच्या आवारातले एक झाड, एक ओढा, एक दगडी बांध एवढे तर बहुतेक शाळांजवळ असते. गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या मागे पोरांनी एक देवगांडूळ मारता मारता सोडले. आधी ते सापाचे पिल्लू समजले होते. मी त्यांना त्याच्या अंगावरची वलये दाखवली, खवले नाहीत हे दाखवले आणि हा बेडकाचा बिनपायांचा नातलग आहे असे सांगितले, तर एक मुलगी म्हणाली, "बाई, मग हा ओरडतो का?" मला उत्तर माहीत नव्हते आणि तसे मी तिला सांगितले. 'पहिल्याची वही' आपल्या परवानगीने मी या जूनपासून माझ्या वर्गात सुरू करू इच्छिते. 'ऐकीव' या रकान्यासकट.


सडा

फळ्यावरची तारीख, आपण ती अवश्य सुरू करावी. सरांना त्यासारखा आनंद दुसऱ्या कशाचा झाला नसता.

मी त्यांचा विद्यार्थी, पुढे कोल्हापूरला वनस्पतिशास्त्र शिकलो. कासवरची एक आठवण वर राहून गेली आहे. पाणथळ डबक्यातून वर आलेला, टोकाला दोन फाट्यांत विभागलेला गुलाबी-जांभळा तुरा सरांनी आम्हांला दाखवला होता आणि तो इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो म्हणून आम्ही हसलो होतो. तोच वायतुरा. त्याच्या शास्त्रीय नावाचा दुसरा शब्द 'सातारेन्सिस' आहे आणि ते नाव त्याला गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात मिळाले, म्हणजे सर आम्हांला तो दाखवत होते तेव्हा विज्ञानाला त्याची ओळख होऊन फार वर्षे झाली नव्हती. आपल्या गावाचे नाव लावणारी वनस्पती डबक्यात उभी आहे, हे कळल्यावर मी त्याच दिवशी माझी वाट ठरवली.

वह्यांविषयी एक शास्त्रीय शंका मात्र आताच मांडतो. त्या सापडल्या तरी 'पहिली नोंद' या प्रकारात एक मोठी उणीव असते. ज्या वर्षी जास्त मुले फिरली त्या वर्षी पावशा आपोआप लवकर ऐकू येणार. त्यामुळे तारखा मागेपुढे झालेल्या दिसल्या म्हणून ऋतू सरकले असे लगेच म्हणता येणार नाही.


यवतेश्वरची वाट

सर्वांचे मनापासून आभार. काल काकूंना भेटून आलो आणि एक चांगली बातमी देत आहे. वह्या त्यांच्याकडेच आहेत. लोखंडी ट्रंकेत, कडुलिंबाच्या पानांत ठेवलेल्या २३ वह्या मी स्वतः पाहिल्या. काहींना कसर लागली आहे, एकीचा अर्धा भाग पाण्याने भिजून पाने चिकटली आहेत, आणि मधल्या काही वर्षांच्या वह्या सापडत नाहीत.

सडा, आपल्या शंकेचे उत्तर वहीतच आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी, सरांच्या बारीक अक्षरात, 'या आठवड्यात फिरलेली मुले' असा एक आकडा आहे. आम्हांला तो कधी दिसलाच नव्हता, कारण आम्ही लिहून झाल्यावर ते वही घरी नेत. कुठे ९ आहे, कुठे १४ आहे, परीक्षेच्या आठवड्यात ० आहे. आपण मांडलेली अडचण त्यांना पहिल्या वहीपासून माहीत होती, असेच म्हणावे लागेल. सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या टोपली कारवीच्या फुलोऱ्याच्या दोन नोंदी मी पाहिल्या. दोन्हींमध्ये सात वर्षांचे अंतर आहे आणि पहिलीच्या खाली 'पुढचा फुलोरा पाहायला ही मुले नसतील, पत्ते घ्यावेत' असे लिहिले आहे. पुढच्या पानावर खरोखरच सोळा मुलांचे पत्ते आहेत.

कोयनाकाठ, तुमची सहा पाने टाचणीने वहीला जोडलेली आहेत. वडिलांना दाखवायची असल्यास मी त्यांचे छायाचित्र पाठवतो.


कोयनाकाठ

कृपया पाठवावे. वडील आता पंचाहत्तरीत आहेत आणि त्यांना लहान अक्षर दिसत नाही, म्हणून मी मोठे छापून नेईन.

वह्या स्कॅन करण्याचा खर्च मी उचलतो. चिकटलेली पाने मात्र आपण स्वतः सोडवू नयेत, जाणकाराकडे द्यावीत.


सडा

आकड्याबद्दल वाचून मी काही वेळ नुसता बसून राहिलो. शंका मागे घेतो.

झाडांच्या फुलोऱ्याच्या नोंदी शाळांकडून गोळा करणारा 'सीझनवॉच' हा उपक्रम आपल्या देशात चालू आहे. वह्यांमधल्या पांगारा, आंबा, बहावा अशा झाडांच्या नोंदी त्यांच्या आजच्या नोंदींशी ताडून पाहता येतील. वहीतले एक पान एका माणसाने उतरवून घ्यावे आणि दुसऱ्याने ते तपासावे, एवढे पथ्य पाळू. पहिल्या चार वह्या मी घेतो.


दगडी जाते

आणखी एक सुचवते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात शून्य सावलीचा दिवस येतो. सर त्या दिवशी सुट्टीतही मैदानावर काठी रोवायला बोलावत असत. ऑगस्टच्या सुरुवातीला तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. सावली बारा वाजता का नाहीशी होत नाही, यावर त्यांनी आम्हांला घाम फोडला होता: भारताची घड्याळे साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली, सातारा ७४ अंशांवर, प्रत्येक अंशाला चार मिनिटे, म्हणजे ३४ मिनिटांचा फरक, आणि मे महिन्यात त्यातून तीन-चार मिनिटे वजा. सूर्य साडेबाराच्या सुमारास डोक्यावर येतो.

या वर्षी आपण सगळे त्या दिवशी मैदानावर जमूया. शाळेची परवानगी मी घेते. काकूंना विचारले, त्या यायला तयार आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना दुचाकीवर बसता येत नाही, म्हणून रिक्षा सांगितली आहे, आणि उन्हात त्यांना खुर्ची आणि छत्री लागेल. काठी कोण आणणार ते कळवावे. ती सरळ असावी आणि ओळंबा माझ्याकडे आहे. जाताना नवी दोनशेपानी वही मी घेऊन येते. पहिली नोंद काकू करतील. इतकी वर्षे त्या दर वेळी आल्या, पण मुलांना पाणी देण्यात आणि डबे उघडण्यात त्यांचा वेळ गेला. त्यांनी स्वतः ती सावली नाहीशी होताना एकदाही पाहिलेली नाही, असे त्या काल म्हणाल्या.